बुबुळ कधी बदलावं लागेल?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. मुलगी २४ वर्षांची आहे, मुरारच्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला म्हणून दाखवलं, तर दोन्ही डोळ्यांना केरॅटोकोनस निघाला, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे येतंय. तेव्हाचा आणि गेल्या महिन्यातला असे पेंटाकॅमचे, म्हणजे बुबुळाचा बाक आणि जाडी मोजणाऱ्या तपासणीचे, दोन रिपोर्ट आहेत. उजव्या डोळ्याचा सगळ्यात मोठा आकडा ५३.२ होता, आता ५५.८ आलाय. जाडी ४७१ होती ती ४५२ झाली. डावा ४७.१ वरून ४७.३. सेमी-सॉफ्ट लेन्स दिली आहे, पण ती तिला खुपते. पूर्वी घरी आल्यावर काढायची, हल्ली मधल्या सुट्टीतच काढून ठेवते.

डॉक्टरांनी आजार वाढू नये म्हणून सी३आर नावाचा उपचार करा म्हटलं, आणि जाता जाता म्हणाले, "पुढेमागे बुबुळ बदलावं लागेल." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पुण्याचं एक चांगलं स्थळ आलंय. दीर म्हणतात, लागणारच असेल तर लग्नाआधी ऑपरेशन उरकून घ्या, नंतर सासरी कटकट नको. दिल्लीचा भाचा म्हणतो, आता कॉम्प्युटर आधीच सांगतो कुणाला ऑपरेशन लागणार ते. मला एवढंच सांगा, किती वर्षं आहेत हातात? माझा एक डोळा देऊन भागणार असेल तर मी आजही तयार आहे.

धाकटा १४ वर्षांचा आहे. उन्हाळ्यात त्याचेही डोळे लाल होतात, सारखा चोळतो. पण मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले की त्याला आराम पडतो.

— एक आई, ग्वाल्हेर

ताई, नमस्कार.

तुमचा डोळा लागणार नाही. हे आधी सांगते, कारण ते वाक्य लिहिताना तुम्हाला काय झालं असेल ते मला कळतं. जिवंत माणसाचा डोळा काढून दुसऱ्याला बसवत नाहीत, अगदी आईचाही नाही. प्रत्यारोपणाचा कॉर्निया, म्हणजे आपण बुबुळ म्हणतो तो पडदा, मरणोत्तर नेत्रदानातून, नेत्रपेढीमार्फतच येतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत तो काढून घ्यावा लागतो. तुमची इच्छा खरी आहे, तर घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी कुणाचा गोंधळ होणार नाही. मुलीसाठी मात्र तुम्हाला करण्यासारखं दुसरं बरंच आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. "किती वर्षं आहेत हातात" याचं उत्तर तारखेत देता येत नाही, आणि कुणी दिलंच तर त्यावर लग्नाचा मुहूर्त ठरवू नका. पण म्हणजे काहीच सांगता येत नाही असंही नाही. अमेरिकेत १९९५ साली 'क्लेक' नावाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. १६ केंद्रांमधल्या १,२०९ केरॅटोकोनस रुग्णांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. सुरुवातीला ज्यांच्या एकाही डोळ्याचं प्रत्यारोपण झालेलं नव्हतं, त्यांच्यापैकी आठ वर्षांत सुमारे १२ टक्के लोकांना निदान एका डोळ्यासाठी ते करावं लागलं. शंभरातल्या अठ्ठ्याऐंशींना लागलं नाही. आणि हा काळ सी३आर रुग्णांपर्यंत पोचण्याच्या आधीचा आहे. सी३आरचे माणसांवरचे पहिले निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती २०१६ मध्ये. नेदरलँड्समध्ये हा उपचार रुळल्यावर केरॅटोकोनससाठी होणारी प्रत्यारोपणं सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाली. त्यामुळे डॉक्टरांचं "पुढेमागे बदलावं लागेल" हे वाक्य तुम्ही "लागणारच" असं ऐकलंत, तिथे थोडी दुरुस्ती करा. लागू शकतं, पण बहुतेकांना लागत नाही.

मग लागतं कुणाला? त्याच अभ्यासात हेही पाहिलं होतं. वय लहान, कॉर्नियाचा उभार जास्त, मधोमध व्रण पडलेला, चष्मा-लेन्स लावूनही नजर कमी, आणि लेन्स सहन न होणं. हे शेवटचं नीट वाचा. तुमच्या पत्रात आकडे पाच-सहा आहेत आणि तुमचं सगळं लक्ष त्यांच्यावर आहे. मला मात्र सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते "मधल्या सुट्टीतच काढून ठेवते" या शब्दांनी. त्याकडे पुढे येते. आधी आकडे बघू, कारण तुम्ही दोन्ही रिपोर्ट जपून ठेवलेत आणि त्याचा फार उपयोग आहे.

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. त्याचा बाक निरोगी डोळ्यात साधारण ४२ ते ४६ डायॉप्टर असतो आणि मधली जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. केरॅटोकोनसमध्ये हा पडदा एका जागी पातळ होतो आणि तिथे शंकूसारखा पुढे येतो. एकच रिपोर्ट हातात असला तर उभार किती आहे ते कळतं, तो वाढतोय की थांबलाय ते कळत नाही. रस्त्यावरच्या गाडीचा एकच फोटो पाहून ती उभी आहे की पळतेय ते सांगता येत नाही, तसंच हे. दुसरा फोटो लागतो. तुमच्याकडे तो आहे.

उजवा डोळा दोन वर्षांत २.६ डायॉप्टरने वाढलाय. वर्षाला एक डायॉप्टर किंवा जास्त वाढ झाली, तर आजार पुढे सरकतोय असं बहुतेक ठिकाणी धरतात. जाडीही सोबतच कमी झाली आहे, म्हणजे दोन्ही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतायत. डाव्या डोळ्यातली ०.२ ची वाढ मी वाढ धरणार नाही, मोजमापात तेवढा फरक एकाच दिवशी दोनदा तपासलं तरी पडतो. फक्त एक खात्री करून घ्या: दोन्ही वेळा तपासणीआधी लेन्स किती दिवस बंद होती? सेमी-सॉफ्ट लेन्स कॉर्नियाला दाबून त्याचा आकार तात्पुरता बदलते. ती दोन-तीन आठवडे काढून ठेवल्याशिवाय केलेला पेंटाकॅम फसवा येऊ शकतो. सकाळी लेन्स लावून शाळेत गेली आणि दुपारी रिपोर्ट काढला असं झालं असेल, तर तो पुन्हा काढावा लागेल. आणि शक्यतो त्याच यंत्रावर काढा, दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

हे आकडे खरे धरले, तर तुम्ही विचारलेली मुदत प्रत्यारोपणाची नसून सी३आरची आहे. ती मोजता येते. सी३आरच्या मूळ पद्धतीत कॉर्नियाचा वरचा पातळ थर काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी२ जीवनसत्त्वाचे थेंब घालतात आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश देतात. हल्ली जास्त तीव्रतेचा प्रकाश कमी मिनिटं देण्याच्या पद्धतीही आहेत. त्याने कॉर्नियातले तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. तो प्रकाश आतल्या नाजूक पेशींपर्यंत पोचू नये म्हणून वरचा थर काढल्यानंतर निदान ४०० मायक्रॉन जाडी शिल्लक असावी लागते. वरचा थर साधारण ५० मायक्रॉनचा. ४५२ मधून ५० वजा करा. मुलगी आज अगदी काठावर बसतेय. याच वेगाने गेलं तर पुढच्या वर्षी बसणार नाही. पातळ कॉर्नियासाठी थेंबांनी तो तात्पुरता फुगवून किंवा प्रकाश कमी देऊन उपचार करण्याचे मार्ग आहेत, म्हणून दार कायमचं बंद होतं असं नाही. पण सरळ मार्ग खुला असताना आडवळणाने कशाला जायचं? तुमच्या डॉक्टरांनी सी३आर सांगितलं ते माझ्या मते बरोबर आहे, आणि ते वर्षभर लांबवण्याचं कारण मला दिसत नाही. डावा डोळा सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, त्याला आज हात लावायची गरज नाही.

सी३आरने काय होत नाही तेही सांगते, कारण इथे पुष्कळांची निराशा होते. त्याने चष्मा जात नाही. पुढे आलेला भाग पूर्वीसारखा सपाट होत नाही. पहिले तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतं, उजेड सहन होत नाही, आणि नजर काही आठवडे आधीपेक्षा अंधुक असते. हळूहळू ती पूर्ववत होते. हा उपचार आजाराची वाढ थांबवण्यासाठी आहे, आणि बहुतेकांमध्ये तो ती थांबवतो. शाळेतून आठवड्याभराची रजा घ्यायला लावा. लू आणि धुळीच्या दिवसांत निदान तेवढे दिवस तिने गाडीवरून फिरू नये.

भाच्याचं म्हणणं हवेतलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कोपनहेगनला डोळ्यांच्या शल्यविशारदांची युरोपीय परिषद झाली. तिथे लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या संशोधकांनी अशी एक प्रणाली मांडली. तिला त्यांनी ६,६८४ रुग्णांच्या ३६,६७३ प्रतिमा आणि सोबतची माहिती दिली होती. पहिल्याच तपासणीवरून तिने सुमारे दोन तृतीयांश रुग्ण 'धोका कमी, नुसतं लक्ष ठेवा' या गटात टाकले आणि उरलेल्यांना लवकर सी३आर लागेल असं सांगितलं. दुसऱ्या भेटीची माहिती जोडल्यावर ९० टक्क्यांपर्यंत रुग्णांची वर्गवारी ती करू शकली. माझ्या दृष्टीने हे काम मोलाचं आहे. पोरांना डोळे बिघडेपर्यंत थांबवून ठेवणं त्याने टळेल. पण दोन गोष्टी भाच्याला सांगा. तो कॉम्प्युटर सांगतो ते आजार वाढणार का, सी३आर लागणार का, एवढं. बुबुळ कोणत्या साली बदलावं लागेल ते तो सांगत नाही. आणि त्यालाही खात्री येते ती दुसऱ्या भेटीनंतर. तुमच्या मुलीची दुसरी भेट होऊन गेली आहे आणि उत्तरही आलेलं आहे. आता त्यासाठी दिल्ली-लंडनच्या यंत्राची वाट बघायला नको.

आता ती लेन्स. पुष्कळदा डोळ्यात व्रण नसतो, उभारही फार नसतो, पण लेन्स लावणं असह्य होतं आणि चष्म्याने दिसत नाही. मग रुग्ण म्हणतो, बदलून टाका एकदाचं. कागदावर कारण 'केरॅटोकोनस' असं लिहिलं जातं, खरं कारण न बसलेली लेन्स असतं. सेमी-सॉफ्ट लेन्स छोटी असते, कॉर्नियावरच टेकते, आणि शंकू वाढला की त्याच टोकावर घासायला लागते. लष्कर ते मुरार रोज गाडीवर, त्यात आपल्याकडची धूळ. एक कण लेन्सखाली गेला की डोळ्यातून पाण्याची धार लागते. खडूची पूड वेगळीच. मुलगी नाजूक आहे म्हणून काढत नाही, लेन्स बदलायला हवी म्हणून काढते. सी३आरनंतर डोळा स्थिरावला की स्क्लेरल लेन्सची चौकशी करा. ती मोठी असते, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियाला शिवतही नाही. मधल्या जागेत सलाइन भरलेलं असतं, त्यामुळे धूळ आत शिरायला वाव फार कमी. खर्च जास्त आहे आणि ती बसवून देणारे सगळीकडे नाहीत. नीट बसेपर्यंत दोन-तीन खेपा होतात. पण एकदा प्रत्यारोपणापर्यंत आलेले कित्येक डोळे या लेन्सवर वर्षानुवर्षं चाललेत, अगदी ७० डायॉप्टरच्या पुढचेसुद्धा. ग्वाल्हेरला सोय झाली नाही तर दिल्ली चार-पाच तासांवर आहे. एम्सच्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्रात कॉर्नियाचा स्वतंत्र विभाग आहे.

म्हणजे प्रत्यारोपणाची वेळ येते ती अशी: कोणत्याही लेन्सने कामापुरतं दिसत नाही, किंवा कोणतीही लेन्स सोसत नाही, किंवा नजरेच्या मधोमध व्रण पडून पांढरं झालंय. आकडा ५५ झाला, ६० झाला, एवढ्याने ती येत नाही. अचानक डोळा दुखून बुबुळ एका दिवसात पांढरं पडलं, तर त्याला हायड्रॉप्स म्हणतात. आतला पातळ पडदा फाटून कॉर्नियात पाणी शिरलेलं असतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं, पण घाबरून लगेच प्रत्यारोपण करायचं नाही. साधारण दोन ते चार महिन्यांत ते ओसरतं, डोळ्यात हवा किंवा वायू सोडून तो काळ कमीही करता येतो. मागे किती व्रण राहिला ते पाहून पुढचं ठरतं.

दिरांना माझा नमस्कार सांगा. त्यांना मुलीची काळजी आहे म्हणूनच ते बोलले, पण हे ऑपरेशन 'उरकण्याच्या' जातीचं नाही. केरॅटोकोनसमध्ये हल्ली बहुधा डाल्क पद्धत वापरतात. तिच्यात कॉर्नियाचे पुढचे थर बदलतात आणि सगळ्यात आतला, रुग्णाचा स्वतःचा थर तसाच ठेवतात. त्यामुळे शरीराने नवा कॉर्निया नाकारण्याचा धोका बराच कमी होतो. व्रण खोल असला, हायड्रॉप्स होऊन गेला असला, तर पूर्ण जाडीचा बदलावा लागतो. दोन्हींमध्ये केसाहून बारीक टाके असतात आणि ते सगळे निघायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर नंबर बदलत राहतो. थेंब कित्येक महिने घालावे लागतात, पुन्हा पुन्हा तपासायला जावं लागतं. शिवलेली जागा पहिल्यासारखी बळकट कधीच होत नाही, मार लागला तर उसवू शकते. आणि एवढं करून बहुतेकांना चष्मा किंवा लेन्स लागतेच! नवी नवरी पुण्यात नव्या घरात टाके घेऊन जाणार, दिवसातून चार वेळा ड्रॉप घालणार, डोळा लाल झाला की धावत दवाखाना गाठणार. कटकट टाळायची म्हणून हे करायचं?

आणखी एक हिशोब आहे, तो तरुण मुलीच्या बाबतीत विसरून चालत नाही. केरॅटोकोनसच्या रुग्णांमध्ये प्रत्यारोपण इतर आजारांपेक्षा चांगलं टिकतं, दहा वर्षांनी दहातले नऊच्या आसपास कॉर्निया नीट काम करत असतात. ऐकायला छान आहे. पण मुलगी २४ वर्षांची आहे, तिला अजून पन्नास-साठ वर्षं पाहायचंय. आज बदललेला कॉर्निया आयुष्यभर पुरेलच असं नाही, आणि दुसऱ्यांदा बदललेला पहिल्यापेक्षा कमी टिकतो. स्वतःच्या कॉर्नियावर जितकी वर्षं काढता येतील तितकी काढायची. ज्यांना खरोखर लागतं त्यांच्यासाठी हे ऑपरेशन वरदान आहे. ज्यांना आज लागत नाही त्यांनी ते आगाऊ करून घेऊ नये.

आता धाकट्याविषयी. ताई, तुमच्या घरात या घडीला जास्त घाईचा रुग्ण मला मुलगी वाटत नाही, तो वाटतो.

चौदा वर्षांचा मुलगा, सख्ख्या बहिणीला केरॅटोकोनस, उन्हाळ्यात लाल होणारे डोळे आणि सतत चोळणं. यातलं एकेक वेगळं असतं तर मी "दाखवून घ्या" म्हटलं असतं. चारही एकत्र आहेत म्हणून सांगते, याच महिन्यात त्याचा पेंटाकॅम करा. चष्मा नाही, तक्रार नाही, म्हणून आजार नाही असं होत नाही. सुरुवातीला एक डोळा चांगला असला की मुलांना काही कळतच नाही. डोळे चोळणं, विशेषतः बोटांच्या सांध्यांनी दाबून चोळणं, केरॅटोकोनस वाढवतं हे आता चांगलं माहीत आहे. या वयात आजार झपाट्याने सरकतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या, आजार वाढत असलेल्या ६० मुलांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सी३आर केलेल्या मुलांपैकी १८ महिन्यांत ७ टक्क्यांचा आजार वाढला, नुसत्या चष्मा-लेन्सवर ठेवलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा. चोविसाव्या वर्षी सहा महिने थांबणं आणि चौदाव्या वर्षी सहा महिने थांबणं, यात फार अंतर आहे. त्याला काही निघालंच तर तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासणी हवी, वर्षाने नको. आणि काही निघालं नाही तरी वाढीचं वय संपेपर्यंत दरवर्षी एकदा.

आणि ते मेडिकलवरचे ड्रॉप. बाटली काढून बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. त्याने दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, खाज जाते, म्हणूनच घरोघरी ते वापरतात. डॉक्टरांच्या नजरेखाली थोडे दिवस ते योग्यही असतं. पण दर उन्हाळ्यात आपल्या मनाने घालत राहिलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि काचबिंदू होतो, कमी वयात मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. केरॅटोकोनसपेक्षा मला याची भीती जास्त वाटते, कारण केरॅटोकोनसने माणूस पूर्ण आंधळा होत नाही, काचबिंदूने होतो. बाटली डॉक्टरांना दाखवा, किती वर्षं आणि किती दिवस घातली ते सांगा आणि त्याचं डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या. खाजेवर ओलोपॅटाडिनसारखे, रोज घातले तरी चालणारे थेंब डॉक्टर लिहून देतील. घरी थंड पाण्याच्या घड्या ठेवा. बाहेरून आला की चेहरा धुवायला लावा, गाडीवर डोळे झाकणारा गॉगल द्या. पालथं झोपून डोळा उशीत दाबायची सवय असेल तर तीही मोडा. नुसतं "चोळू नको" म्हणून ओरडलात तर तो तुमच्या पाठीमागे चोळेल. खाज थांबली पाहिजे.

"आमच्याच घरात का" असं तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असेलच. बहुतेक रुग्णांच्या नात्यात दुसरा रुग्ण सापडत नाही, काहींच्या घरात सापडतो. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. आपल्या मध्य भारतात हा आजार वाटतो तितका दुर्मिळ नाही. नागपूरकडच्या खेड्यांमध्ये तिशीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तिच्यात कॉर्नियाचा बाक ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असलेले २.३ टक्के लोक निघाले होते.

पुण्याच्या मंडळींना सांगायचं का? सांगायचंच, आणि बोलणी पुढे जाण्याआधी. लग्नानंतर लेन्सच्या डब्या आणि ड्रॉप लपवत राहणं मुलीच्या वाट्याला येऊ नये. सांगताना 'बुबुळ बदलावं लागणार' असं म्हणू नका, ते खरं नाही. मुलीला केरॅटोकोनस आहे, त्याने आंधळेपण येत नाही, उजव्या डोळ्याचा उपचार करतोय, लेन्स लावून ती शिकवते, गाडी चालवते, आणि पुढे मुलांचे डोळे दहाव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासून घ्यावे लागतील, एवढं पुरे. लग्नाशी जोडून वैद्यकीय सल्ला म्हणाल तर तो एकच: गरोदरपणात काहींचा आजार पुढे सरकल्याच्या नोंदी आहेत, म्हणून वाढणाऱ्या डोळ्याचं सी३आर त्याआधी झालेलं असावं. आणि कुणी "लग्नाआधी लेझरने चष्मा घालवून टाका" म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. लसिकमध्ये कॉर्निया आणखी पातळ करतात. केरॅटोकोनसच्या डोळ्याला त्यासारखा घात नाही.

ताई, पत्र मी दोनदा वाचलं. त्यात दीर काय म्हणाले ते आहे, भाचा काय म्हणाला ते आहे, डॉक्टर आहेत, तुम्ही आहात. मुलगी काय म्हणते ते कुठेच नाही. प्रत्यारोपणाची वेळ ठरवताना डॉक्टर शेवटी हेच विचारतात की तुझं काय काय अडतंय. लेन्स काढल्यावर मधल्या सुट्टीनंतरचे तास ती कसे घेते? फळ्यावरचं स्वतःचं अक्षर मागच्या बाकापासून तिला वाचता येतं का? संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती किरणं फुटतात का? वह्या तपासताना एक डोळा मिटून घेते का? याची उत्तरं पेंटाकॅममध्ये येत नाहीत. सी३आरच्या आधी तिलाच हे लिहून काढायला सांगा आणि तो कागद दोन्ही रिपोर्टांसोबत डॉक्टरांपुढे ठेवा. मला लिहायचं असेल तर तिने स्वतः लिहावं, मी तिलाच उत्तर देईन.